निळ्याच्या आतला माणूस

आमचे परशुअण्णा टीव्हीला टेप लावतात. चिकटवायची नव्हे, मापाची. पडद्यावर कुणी जरा सरळ उभं राहिलं की रिमोटनं चित्र थांबवायचं, उठायचं, आणि त्या माणसाचं या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत माप घ्यायचं. मग "हंऽऽ" म्हणून परत खुर्चीत. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मी चहा निम्मा टाकून घरी आलो होतो.

अण्णा शिंपी. घराणं मूळचं मिरजेकडचं, पण तीन पिढ्या हुबळीच्या बाजारात गेल्या. दोन वर्षांपूर्वी शारदावहिनी गेल्या आणि अण्णांनी दुकान बंद केलं. आता हुबळीच्याच नवनगरात माझ्या समोरच्या घरात एकटेच असतात. मी बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला, म्हणून ते मला मास्तर म्हणतात. अण्णांची मुलगी बंगळूरला. तिनं बापाला भला मोठा टीव्ही आणून लावला, तोंडानं सांगितलं की शोधून दाखवणारा.

अण्णांची घरची शिलाई मशीन जपानी बनावटीची, जुनी. ती अडकायला लागली होती. दुरुस्ती बघावी म्हणून अण्णांनी टीव्हीला खणखणीत आवाजात सांगितलं, "जपानी मशीन!" टीव्हीनं काय ऐकलं देव जाणे. त्यानं पाच रंगांचे अंगाला घट्ट कपडे घातलेली, तोंडासकट डोकं झाकणारी टोपडी चढवलेली पाच माणसं आणून उभी केली. त्यांनी एका राक्षसासकट अख्खा डोंगर उडवला.

अण्णांची हाक रस्त्यापलीकडे ऐकू आली. "मास्तर, पळत या! ह्येंच्या काखा बगा!"

काखा का, ते सांगायला हवं. तरुणपणी अण्णांनी एका नाटक कंपनीचे कपडे शिवले होते. एकदा ऐन लढाईत राजानं तलवार उपसून हात वर केला आणि अंगरख्याची काख टर्रकन उसवली. लोक हसले. राजानं तो हात अंगाशी घट्ट धरला आणि उरलेलं राज्य डाव्या हातानं जिंकलं. तो टरकण्याचा आवाज अण्णांच्या कानातून पन्नास वर्षं गेला नव्हता. आणि इथं माणसं कड्यावरून कोलांट्या मारत होती नि काखेतली एक शिवण हलत नव्हती. अण्णांना साक्षात्कार व्हायचाच बाकी होता.

तेव्हापासून ती मालिका त्यांनी सोडली नाही. दर भागात एक नवा राक्षस, आणि ही लाल, निळा, हिरवा, पिवळी, गुलाबी अशी पाच मंडळी. भाषा जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. मी मोठ्या उत्साहानं ती अक्षरं वाचून मराठीत सांगायला लागलो, तर अण्णा म्हणाले, "मास्तर, तुमी गप बसा. मधी मधी येताय." त्यांना गोष्ट कपड्यांतून कळते. हिरव्याचं वडिलांशी भांडण झालंय हे मला दहा मिनिटांनी वाचून कळलं. अण्णांना ते त्याच्या न कडक केलेल्या कॉलरवरून आधीच ठाऊक होतं.

मी कथानकाबद्दल काही बोललो की त्यांचं ठरलेलं उत्तर असे. "ते ऱ्हाऊ दे. आत कोन हाय ते सांगा." कारण तोंड दिसतं तो नट वेगळा, आणि टोपडं चढवून उड्या मारतो तो वेगळा, हे त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. "आनि ही पिवळी बाई न्हाई हो, बाप्या हाय आत. कमरंला शिवण कशी वडलीया बगा." मी खात्री करायला फोनवर शोधलं, आणि खरंच बाप्या निघाला.

शोधता शोधता त्या मालिकेच्या चाहत्यांचा एक गट सापडला. जगभरातली माणसं तिथं दिवसभर भांडत होती. मी सहज पिवळीचा शोध तिथं टाकला, आणि झालं. आयुष्यभर पोरांची व्याकरणं तपासलेला मी, रोज दुपारी अण्णांच्या समोर बसून त्यांची मतं इंग्रजीत टंकायला लागलो.

तिथं एकाशी अण्णांचं जमेना. त्यानं स्वतःचं नाव 'कायमचा लाल' असं घेतलं होतं. कुठला, काय वयाचा, कुणास ठाऊक. त्याचं म्हणणं, कपडे हे खेळणी खपवण्यापुरते, खरी जान गोष्टीत. अण्णा तडकले. "ल्ह्या त्याला. अरे बावळटा, गोष्ट पन बेतावीच लागती. ह्या तुज्या गोष्टीत माया कुटं सोडलीया?"

शिवणीच्या आत जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. माणूस अंगानं भरला की शिवण उसवून ती माया सोडायची, कपडा परत अंगात बसतो. अण्णांचा मुद्दा असा, की लेखकानं गोष्ट पाच जणांच्या अंगाबरोबर कापली. मग विसाव्या भागात चंदेरी रंगाचा सहावा गडी घुसवला तेव्हा आत माया नव्हती, आणि गोष्ट काखेत फाटली. मी 'बावळटा'च्या जागी 'आदरणीय महोदय' घातलं नि बाकी तसंच पाठवलं. गटात वाहवा झाली. ब्राझीलच्या एका बाईनं लिहिलं, या शिंप्याला लेखकाच्या खोलीत बसवा. लालसुद्धा दोन दिवस गप्प होता. मग त्यानंही अण्णांना नाही नाही ते लिहिलं, ते मी वाचून दाखवताना 'आपला मतभेद आहे' एवढंच सांगितलं. मधे मी होतो म्हणून दोघांत इतका शिष्टाचार टिकला.

एका रविवारी दुपारी पुलावरच्या लढाईचा भाग चालू होता. अण्णांनी चित्र थांबवलं. उठले, मोजलं. मागचा भाग लावला, मोजलं. त्याच्या मागचा लावला. माझा चहा गार झाला.

"मास्तर, निळा बदलला."

"म्हणजे?"

"आतला मानूस बदलला. पयल्याचा डावा खांदा उतरत चालला हुता. पाच भाग झाले, मी बगतोय. आज दोनी खांदे सारके. ह्यो दुसरा हाय." ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. "पयला कुटं गेला?"

मी लिहिलं. गट हसला. कुणी चष्म्याचा नंबर विचारला, कुणी टीव्ही वाकडा लावलाय म्हणालं. लालनं लिहिलं, आत कोण आहे यानं गोष्टीला काय फरक पडतो? निळा तो निळाच. मलाही ते पटलं होतं, म्हणून या वेळी काही मऊ न करता जसंच्या तसं वाचून दाखवलं. अण्णांनी रिमोट उचलला. टीव्ही बंद केला.

तीन दिवस तो बंदच होता. म्हाताऱ्याला राग आला असेल, म्हणून मीही गेलो नाही. चौथ्या दिवशी मला राहवेना. दुपारी गेलो तर अण्णा आतल्या खोलीत पलंगावर बसलेले, कपाट उघडं, मांडीवर वहिनींचे तीन ब्लाउज.

"बसा मास्तर." ब्लाउजांवरून हात फिरवत म्हणाले, "हिचं माप मी लग्न झाल्यावर घेतलं. मग एक-दोनदा माया सोडली, लेकीच्या वक्ताला. पुन्ना टेप लावलाच न्हाई. घरच्या मानसाचं माप कोन घेतंय? हातात बसलेलं असतंय."

त्यांनी तिन्ही ब्लाउज पलंगावर ओळीनं मांडले.

"शेवटच्या वर्षाला हे तीन शिवले. जुन्याच मापानं. घालून दाखवायची, मी म्हनायचो, बसलं? तर हौदु, व्हय, बरोबर बसलं, म्हनायची." त्यांनी एक ब्लाउज उलटा केला. आतून, काखेपासून कमरेपर्यंत, हातानं घातलेले बारीक टाके होते. कापड बोटभर आत घेतलेलं. दुसऱ्यात दोन बोटं. तिसऱ्यात टाके जरा वाकडेतिकडे होते, आणि कापड जवळजवळ चार बोटं.

"ती गेल्यावर कपाट आवरताना दिसलं. शिंप्याची बायकू, आनि ब्लाउज सैल. मला कमीपना नको म्हनून रातीनं... मी निजल्यावर बसत असंल. दुखतंय म्हनून कदी बोलली न्हाई. आनि मी दुकानात दिसभर लोकांचे खांदे बगत हुतो." त्यांनी ब्लाउज सुलटा केला. "आता हितं बसून जपानातल्या मानसाचा अर्दा इंच दिसतोय मला."

वहिनी मला रोज दिसायच्या, फाटकाशी उभ्या राहून भाजीचा भाव सांगायच्या. मीही काही पाहिलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि लालची बाजू पटली होती याची तर जास्तच.

"मला भांडायचं न्हाई त्येंच्याशी," अण्णा म्हणाले. "एवडंच ल्ह्या. त्याचा खांदा उतरत हुता. कुनीतरी त्याला इचारा, बरा हायेस का म्हनून."

त्या दिवशी मी एक शब्द बदलला नाही. शिंप्यानं सांगितलं तसं लिहिलं, आणि शिंपी असं का विचारतो तेही अण्णांची परवानगी घेऊन खाली लिहिलं. यावर कुणी हसलं नाही, पण उत्तरही कुणी दिलं नाही. अण्णा रोज फाटकाशी येऊन विचारायचे, "काय आलं काय?" मी नाही म्हणून मान हलवायचो.

आठ दिवसांनी उत्तर आलं, आणि ते लालचं होतं. तो जपानी शिकत होता म्हणे. त्यानं पहिल्या निळ्याचं नाव शोधलं, त्या माणसानं स्वतः कुठंतरी लिहिलेलं शोधलं, आणि सगळं नीट भाषांतर करून पाठवलं होतं. डाव्या खांद्याचं दुखणं होतं. लढाईत दिसू नये म्हणून तो बरेच दिवस लपवत होता. मग शस्त्रक्रिया झाली. आता हात डोक्यावर जातो, आणि नव्या पोरांना उड्या शिकवतो.

मी तसाच चपला अडकवून रस्ता ओलांडला आणि उभ्या उभ्या सगळं मराठीत सांगितलं. अण्णांनी ते दुसऱ्यांदा सांगायला लावलं.

"बरा हाय न्हवं?"

"बरा आहे, अण्णा."

"हात वर जातोय?"

"जातोय."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हंजे त्याच्या घरात कुनीतरी बगितलं. येळंत."