जपानची माती आणि डावं दार

कल्याणपासून कर्जतपर्यंत माझ्याइतकी गाडी जपणारा माणूस शोधून दाखवा! सत्त्याण्णव सालच्या त्या शुक्रवारी सकाळी नऊ वाजेपर्यंत हे मी कुणालाही छाती ठोकून सांगत होतो. साडेअकराला बंद केलं. मधल्या अडीच तासांत काय झालं ते सांगतो.

मी सुदाम. अंबरनाथला आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेन्टेनन्सचा फोरमन. राहायला बदलापूरला, बेलवलीत. बायको शालन अंबरनाथच्या एका शाळेत शिक्षिका होती. त्या रविवारी तिला जाऊन वर्ष होणार होतं. तिच्या माहेरी, जांभूळला, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला होता. घरात आता मी आणि मुलगी संघमित्रा. तिला सगळे मित्रा म्हणतात. आणि दारात आमची पांढरी मारुती.

मित्राने नुकतंच लायसन काढलं होतं.

"बाबा, रविवारी जांभूळला गाडी मी चालवणार."

"नाही."

"का पण?"

"डावं दार बघ, मग विचार."

डाव्या दारावर हातभर लांबीचा काळपट ओरखडा होता. चार वर्षांपूर्वी शालनने पाडलेला. तेव्हा माझी दुसरी पाळी होती. सकाळी ती गाडी शाळेत न्यायची, दुपारी मी कारखान्यात न्यायचो. रविवारी गाडी धुताना मला ओरखडा दिसला आणि मी घरात चौकशी बसवली. कारखान्यात बसवतात तशी! कुठल्या रस्त्याने गेलीस? कुठे लावलीस? शेजारी काय होतं?

"अहो, मी कुठं घासली नाही हो," ती म्हणाली.

चौकशी तीन दिवस चालली. चौकशी करणारा मीच असल्यामुळे माझी चौकशी झाली नाही. तिसऱ्या दिवशी आमटी निवत होती, तेव्हा ती म्हणाली, "बरं, झालं असेल माझ्याकडून. जेवून घ्या आता."

मी त्याला कबुलीजबाब धरलं आणि जेवलो. दुसऱ्या दिवसापासून ती रिक्षाने शाळेत जायला लागली. किल्लीला पुन्हा हात लावला नाही तिने. मीही 'घे' म्हणालो नाही. ओरखडा तसाच ठेवला, पुरावा म्हणून! त्यावर फडकंसुद्धा मारत नव्हतो. आल्यागेल्याला दार दाखवायचो. "बघा, मास्तरीणबाईंची सही!" लोक हसायचे. तीही हसायची, आणि चहा करायला आत जायची.

आता मूळ गोष्टीवर येतो. कारखान्यातली धुराची चिमणी माझ्या गाडीवर चार वर्षं काळी कणी टाकत होती. धुऊन ती जात नव्हती. बोनेटवर हात फिरवला की पापडाच्या पिठात वाळू मिसळल्यासारखं लागायचं. रविवारी सासरची सगळी मंडळी गाडी बघणार. म्हणून मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये चंदूशेठच्या दुकानात गेलो. गाडीचं बाहेरून आलेलं सामान तो विकतो.

त्याने साबणाच्या वडीएवढा निळा गोळा समोर ठेवला. "साईं, ये ले जाओ. जपान की मिट्टी है."

"मिट्टी? गाडीला माती लावू? चंदूशेठ, रंग खरवडून निघेल!"

"अरे बाबा, सुनो तो! पहले साबण का पानी मारो, भरपूर. फिर हलके हाथ से, सीधा सीधा. गोल नहीं. मैली हुई तो मोड के साफ बाजू बाहर निकालो. और एक बात, जमीन पे गिरी तो फेंक दो! उठाना नहीं. एक भी कंकर चिपका, तो समझो पत्थर से गाडी घिसी."

"और मालूम कैसे पडेगा, कणी निकली के नहीं?"

"हाथ में पतली थैली डालो और आँख बंद करके फिराओ. सब समझ में आएगा."

शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी. मित्रा ऑफिसला गेली. मी दोन बादल्या साबणाचं पाणी केलं, गाडी धुतली, उजव्या हातात प्लास्टिकची पिशवी घातली, डोळे मिटले आणि बोनेटवर हात फिरवला. चंदूशेठ बरोबर होता! पिशवीतून एकेक कण असा लागत होता की मोजून घ्यावा.

"किती खरखरीत झालीस गं," मी म्हणालो. गाडीला म्हणालो! रिकाम्या घरात वर्षभर राहिलं की माणूस कुकरशीसुद्धा बोलतो. "एवढं कसं दुर्लक्ष केलं मी तुझ्याकडे..."

डोळे उघडले तर समोर शेजारच्या इंदुबाई. हातात सुपातले तांदूळ, तोंड उघडं.

"भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "बसता का जरा?"

"नको, काम चाललंय."

"हो हो. कळतंय मला. वर्ष होत आलं की असंच होतं. रडून घ्या."

"इंदुबाई, मी गाडी साफ करतोय!"

"करा की. रडून झालं की करा."

मी पिशवी काढली आणि माती चोळायला घेतली. साबणाचं पाणी, हलका हात, सरळ. काय सांगू! दहा मिनिटांत बोनेट काचेसारखं. माती काळी झाली की मोडायची, साफ बाजू बाहेर. मी इतका रंगलो की इंदुबाई कुठे गेल्या ते पाहिलंच नाही.

त्या नाक्यावरच्या पीसीओत गेल्या होत्या. तिथून त्यांनी मित्राच्या ऑफिसात फोन लावला. काय बोलल्या ते मित्राने मला नंतर सांगितलं. "लवकर ये गं! तुझे बाबा हातात पिशवी घालून, डोळे मिटून गाडीला कुरवाळतायत. तिच्याशी बोलतायत. आणि आता तर अंगाला माती चोळतायत!" कुणाच्या अंगाला, ते सांगायचं त्या विसरल्या.

अर्ध्या तासात रिक्षा येऊन उभी. मित्रा धावत आली आणि तिने माझे दोन्ही खांदे धरले.

"बाबा, माझ्याकडे बघा. आज वार कुठला?"

"शुक्रवार."

"पंतप्रधान कोण?"

"ते सध्या शहाण्या माणसालाही सांगता येत नाही! तू ऑफिस सोडून का आलीस?"

तोवर इंदुबाईंनी नवऱ्यालाही झोपेतून उठवून आणलं होतं. हा बबन आमच्याच कारखान्यात माझ्या हाताखाली रंगकाम करतो. त्याच्यामागे चाळीतली आणखी सातआठ माणसं. कुणी पाणी आणलं, कुणी कांदा फोडून आणला. भर अंगणात मी शुद्धीवर, आणि माझ्या नाकाला कांदा!

मला राग आला. म्हटलं, या लोकांना एकदा दाखवूनच देऊ.

"हे बघा! ही जपानची माती आहे. गाडी साफ करायची. हे दार बघा, इथे हात फिरवा." मी डाव्या दारापाशी गेलो. "वरचा मळ, कणी, सगळं निघतं. ओरखडा मात्र निघत नाही. ओरखडा आत गेलेला असतो. म्हणजे शालनने पाडलेला हा ओरखडा जन्मभर..."

बोलता बोलता मी साबणाचं पाणी मारून ओरखड्यावरून माती फिरवली. उगाच. दाखवायला.

ओरखडा पुसट झाला.

मी पुन्हा फिरवली. आणखी पुसट. पाचसहा वेळा फिरवल्यावर दार पांढरं स्वच्छ! खाली रंग जिथल्या तिथे. काही खरवडलेलंच नव्हतं. बाहेरून कसला तरी रंग लागून वाळला होता, आणि त्यावर चार वर्षांचा मळ बसला होता.

"अय्या, गेला की!" इंदुबाईंनी टाळ्या वाजवल्या.

मी माती उलटी केली. निळ्या मातीवर हिरवा पट्टा. काळपट हिरवा.

बबन वाकून बघत होता. "फोरमनसाहेब, हा तर आपल्या स्टँडचा रंग!"

"कुठल्या स्टँडचा?"

"आपल्या गाड्यांच्या स्टँडचा पाइप नाही का? चार वर्षांमागे रंगवला तेव्हा लेथचा उरलेला हिरवा होता, तो कमी पडला म्हणून तुम्ही स्वतः त्यात काळा ओतला. हा रंग दुनियेत दुसरीकडे मिळायचा नाही! मी म्हटलं पण होतं, साहेब, पाइप ओला आहे, गाडी लांब लावा."

"मी काय म्हणालो?"

"तुम्ही म्हणालात, पाटी लावली आहे ना."

पाटी मीच लावली होती. 'रंग ओला आहे'. स्कूटरवाल्यांच्या बाजूने. आणि मग मारुतीत बसून, पाइपाला लागूनच ती उभी केली होती मी. दुसऱ्या पाळीला.

मित्रा माझ्याकडे बघत होती.

मला हॉस्पिटल आठवलं. शेवटच्या आठवड्यात शालनला बोलायला दम लागायचा. तरी एका दुपारी ती म्हणाली, "ते दार तेवढं रंगवून घ्या. माझ्यामुळे खराब झालं." म्हणजे तीन वर्षं ती शोधत राहिली असणार, कुठे लागली, कशी लागली. तिला शेवटी खरंच वाटलं होतं की तिनेच लावली. आणि मी काय केलं? तिचा हात धरून म्हणालो, "जाऊ दे, झालं ते झालं." मोठ्या मनाने मी तिला माफ केलं!

"दुसरा हिरवा असेल," मी म्हणालो. हातातली माती खाली पडली. मी वाकून उचलली आणि दारावर घासायला लागलो. काय घासत होतो? ओरखडा परत आणत होतो की काय, कोण जाणे.

खर्रर्र!

"बाबा!" मित्राने माझा हात धरला. "पडलेली आहे ती!"

अंगणातली खडी चिकटली होती तिला. दारावर तीन ओरखडे. खोल, आतला पत्रा दिसेल असे. मातीने न निघणारे.

मित्राने माती माझ्या मुठीतून सोडवली आणि बादलीत टाकली. मला वाटलं आता बोलेल. बोलायला हवं होतं तिने. ती फक्त म्हणाली, "आईला गाडी चालवायला आवडायचं, बाबा."

मी घरात गेलो, किल्ली आणली आणि तिच्या हातात दिली. दुसरं काही सुचलं नाही.

रविवारी जांभूळपर्यंत मित्राने गाडी चालवली. छान चालवते. वळणावर मी दोनदा नसलेला ब्रेक दाबला, पण तोंड उघडलं नाही. पोचलो तर माझा मेहुणा भगवान अंगणातच उभा. सगळी माणसं जमलेली. शालनचा फोटो, हार, मेणबत्त्या, सगळी तयारी झालेली. भगवानने गाडी बघितली, मित्राला चालकाच्या जागेवरून उतरताना बघितलं, मग डावं दार बघितलं.

"काय दाजी, आईची सही लेकीने गिरवली वाटतं!"

सगळे हसले. या सगळ्यांना मीच तर तो विनोद शिकवला होता.

"नाही," मी मोठ्याने म्हणालो. "हे मी केलं. आणि चार वर्षांपूर्वीचंही मीच केलं होतं. शालनने कधी गाडी घासली नाही. कारखान्याच्या पाइपाला मी लावली आणि तिचं नाव सांगत फिरलो."

भगवान जवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे पुसले.

"दाजी, केवढं मन तुमचं! आज तिचा दिवस म्हणून सगळं स्वतःवर घेताय. असू द्या. बायामाणसांकडून व्हायचंच."

मी पाइप सांगितला, पाटी सांगितली, बबनची साक्ष काढतो म्हणालो. जितकं सांगावं तितके लोक हळहळत होते. एका म्हाताऱ्याने तर मला मिठी मारली! चार वर्षं मी माझं काम इतकं चोख केलं होतं. आणि आता त्यांच्या लेखी मित्रानेही दार घासलं आहे.

म्हणून हे लिहून काढलं. जांभूळला कुणी जाणार असेल तर भगवानला वाचून दाखवा. मी सांगितलं तर तो पुन्हा रडेल.