दगडूबाच्या भारोभार

माजलगावच्या आठवडी बाजारात पहिलं धान्य तोलायच्या आधी दगडूबा मापाडी स्वतःला तोलायचा. लिंबाच्या फांदीला टांगलेल्या मोठ्या तराजूच्या एका पारड्यात तो मांडी घालून बसायचा. दुसऱ्यात किसन हमाल लोखंडी वजनं टाकायचा. दांडी थांबली की दगडूबा आकडा खणखणीत आवाजात जाहीर करायचा, "अडीच मण!" आणि स्वतःला पायलीभर शिव्या द्यायचा. मग त्याला पारड्यातून ओढून काढायला किसनला आणखी एक हमाल लागायचा.

मी शेजारच्या ओट्यावर बसून तहसिलीत द्यायचे उर्दू अर्ज लिहीत असे. त्यामुळे हा कार्यक्रम मला दर आठवड्याला पाहायला मिळे.

मापाड्यांची जुनी रीत अशी की पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन. दगडूबाला मोजता मोजता झोप लागायची. एकदा अकरा झाले आणि माप हातात धरून तो घोरायला लागला. शिरूरच्या शेतकऱ्याने घाबरून किसनला विचारलं, "मेला का बे ह्यो?" दगडूबाने डोळे न उघडता माप ओतलं. "बारा." आकडा त्याने कधी चुकवला नाही.

दुसऱ्या कोणाला चुकवूही दिला नाही. व्यापारी तोलताना पारड्याला हळूच बोट लावतात. ते बोट दगडूबाला पाठमोरा असतानाही दिसायचं. "बोट काढ!" तो ओरडायचा, आणि शेठ असो की पाटील, बोट निघायचं. पुतण्याच्या लग्नात भटजी नवऱ्याच्या कपाळाला कुंकू लावत होते आणि दगडूबा बसल्या जागी पेंगत होता. तिथेही तो ओरडला. भटजींच्या हातून करंडा पडला.

एवढ्या माणसाचा एकच ध्यास होता, वजन उतरवायचं. चार भाकरींवरून तो दोनवर आला, दोनवरून एकीवर. वजन दोन शेर वाढलं.

"हवा खाऊन फुगतंय बे हे," किसन म्हणाला.

"तू मोज की मग माझी हवा," दगडूबा म्हणाला आणि धापा टाकत पोत्यावर बसला.

कोणीतरी सांगितलं, रोज चालत जा. तो सिंदफणेकडे निघाला आणि पाव कोसावर बाभळीखाली झोपला. एका मेंढपाळाने त्याला मेलेला समजून घोंगडी पांघरली आणि पोलीस पाटलाची वाट बघत शेजारी बसला. दुपारी प्रेताने उठून पाणी मागितलं. मेंढपाळ पळाला. घोंगडी परत करायला दगडूबाला आणखी दोन दिवस चालावं लागलं.

वैद्यबुवांनी नाडी पाहून सांगितलं, "अशक्तपणा आहे. जुना गूळ खा."

दगडूबा तिथून तडक उठला. त्याच्या घरी रांजणभर जुना गूळ आहे, हे गावाला माहीत होतं. मुंगी लागू नये म्हणून रांजण पाण्याच्या परातीत ठेवलेला होता. त्यातला खडाही त्याने कधी कोणाला दिला नव्हता.

"घरात औषध हाय, मग खात का न्हाईस?" किसन म्हणाला.

"त्यो गूळ खायचा न्हाई," दगडूबा म्हणाला.

"कावून?"

"न्हाई म्हनलं ना बे!"

गावाने त्याचं नाव चिकटांच्या यादीत घातलं. मीही घातलं.

शेवटी बीडच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांनी त्याच्या गळ्यावरची सूज दाबून पाहिली. ती आम्ही चरबी समजत होतो. साहेब म्हणाले, "मियाँ, तुम सुस्त नहीं. तुम्हारे गले की गाँठ सुस्त है." हे वाक्य दगडूबाने परत येऊन सगळ्या बाजाराला ऐकवलं. साहेबांनी हैदराबादेहून गोळ्या मागवून दिल्या. त्या मेंढीच्या गळ्यातल्या तशाच गाठीपासून करतात, असंही सांगितलं.

"बापानं जलमभर मेंढरं राखली," दगडूबा म्हणाला. "आता मेंढरं मला राखतील."

त्यांनी राखलं. दिवाळीला तो अडीच मण होता. चैत्रात दोनाच्याही खाली आला. मोजताना झोपेनासा झाला. एके दिवशी मला म्हणाला, "मुन्शीजी, पुनवेला मारुतीच्या देवळात या. काटा नेतोय."

देवळापुढच्या पिंपळाला तराजू टांगला होता. एका पारड्यात रांजणातल्या सात ढेपा होत्या, काळ्या पडलेल्या. दुसऱ्यात दगडूबा बसला. त्याचं पारडं खाली गेलं आणि ढेपा चार बोटं वरच राहिल्या. त्याने पागोटं उतरवलं. मग बाराबंदी. मग कमरेचा करदोडा तोडला. दोन बोटं उरली.

"माझी एक ढेप घाल," एक व्यापारी म्हणाला. "देवाला काय कळतंय?"

"न्हाई, शेठ. ह्यो काशीचा गूळ हाय."

काशी म्हणजे त्याची बायको. ती वारून सहा वर्षं झाली होती. ढेपांकडे बघत त्याने पहिल्यांदाच सांगितलं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तो मुदतीच्या तापाने पडला होता, तेव्हा काशीने नवस बोलला होता, ह्यांच्या भारोभार गूळ वाटीन. तेव्हा तो काडी होता. ती दर हंगामाला गुऱ्हाळावर राबली आणि मजुरीत गूळच घेत गेली. सातवी ढेप घरी आणली आणि आठ दिवसांत गेली.

"दुसऱ्याचा घातला तर नवस दुसऱ्याचा हुईल," तो म्हणाला. "आन् गूळ दर पावसाळ्याला पाझरतोय. मी उतरतोय तसा त्यो बी उतरतोय. पुढल्या सालाला जमायचं न्हाई."

किसन पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

मी ढेपांच्या बाजूला उभा होतो. हात पाठीमागून पुढे आणला आणि एक बोट पारड्याच्या काठावर टेकवून दाबलं. ढेपा खाली आल्या. दांडी सरळ झाली.

दगडूबाने दांडीकडे पाहिलं. मग माझ्या बोटाकडे पाहिलं. सगळा जमाव त्याच्या ओरडण्याची वाट बघत होता. मीही.

त्याने डोळे मिटले.

"लाभ," तो म्हणाला.