काल्याच्या कीर्तनात ब्रोमिन

"ब्रोमिन कार्बनला धरून बसलाय," प्राची म्हणाली.

"धरून बसलाय," म्हशीची धार काढता काढता संपत म्हणाला.

"न्यूक्लिओफाइल समोरून येत न्हाई."

"समोरून येत न्हाई."

"मंग कुठून येतो?"

"पाठीमागून येतो!" संपतने हे असं चालीत उचललं, की बादलीतल्या दुधाच्या धारेलाही ठेका सापडला.

चुलीपाशी बसलेली प्राचीची आई मंगल ओरडली, "म्हशीचंबी पाठ झालंय आता! ब्रोमिन गेल्याबिगर ती पान्हाच सोडीना!"

प्राची बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. कागदावर पोरीला सगळं येत होतं. पण मागच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले सर "हं, सांगा" म्हणाले आणि तिच्या जिभेला जे कुलूप लागलं, ते घरी ताट पुढ्यात आल्यावरच निघालं. ऑरगॅनिक केमिस्ट्री बुडाली. आता तीच परीक्षा पुन्हा द्यायची होती.

"ह्या वेळी गेलं ना पप्पा, तर मी कॉलेज सोडणार," तिने सांगून टाकलं होतं. "तुमी फक्त मागं म्हणा. मागून आवाज आला की मला धीर येतो."

मागं म्हणणं हा तर संपतचा देवधर्म होता. कळंबच्या भैरवनाथाच्या सप्ताहात कीर्तनकारामागच्या टाळकऱ्यांत मधली जागा त्याचीच. महाराजांनी चरण टाकला की उचलायचा. बोलता बोलता ते दाखल्याच्या चरणासाठी अडले आणि मागे वळले, की तो चरण अलगद त्यांच्या ओंजळीत टाकायचा. त्याला अर्थाचं फार कळत नव्हतं, पण त्याच्या तोंडून शब्द कधी खाली पडला नव्हता.

"आन हा न्यूक्लिओफाइल म्हंजी असतो कोण?" त्याने एकदा विचारलं.

"आपल्याजवळची इलेक्ट्रॉनची जोडी दुसऱ्याला द्यायला निघालेला."

"दाताच म्हण की!" संपत गहिवरला. त्या दिवसापासून तो ते नाव जरा वाकूनच घेऊ लागला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी सप्ताहाची सांगता होती. काल्याचं कीर्तन, मांडव गच्च भरलेला. गोरखमहाराज रंगात आले होते. "गवळणीनं काय केलं? दार लावलं, कडी घातली, दाराला पाठ लावून बसली. आता लोणी खायला देव आत येतो कसा? येतो कसा?" असं म्हणत हात पसरून ते मागे वळले.

संपतने टाळ उचलला. "पाठीमागून येतो!"

"पाठीमागून येतो!" सगळ्या टाळकऱ्यांनी उचललं. दादाभाऊंच्या पखवाजावर थाप पडली.

"वा, संपतराव!" महाराज खूश झाले. "आन देव आत आला, की काय व्हतं?"

"ब्रोमिन बाहेर पडतो!"

टाळकऱ्यांना थांबणं माहीतच नव्हतं. "ब्रोमिन बाहेर पडतो! ब्रोमिन बाहेर पडतो!" दोन आवर्तनं झाली. तिसऱ्याला दादाभाऊंचा हात पखवाजावरच थबकला आणि टाळही थांबले.

"संपतराव," महाराजांनी हळूच विचारलं, "हे कोन्या संताचं वचन?"

संपतच्या कपाळाचा बुक्का घामाने नाकावर उतरला. "म्हाराज... पोरीचं हाय."

सगळ्या माना बायकांच्या बाजूला वळल्या. प्राचीने आईच्या पदराआड तोंड लपवलं.

"पोरीचं? मंग इस्कटून सांगा की."

पोरीवर बला नको म्हणून संपतच पुढे झाला. "त्याचं आसं हाय म्हाराज, आधी ब्रोमिन निघून जातो. जागा रिकामी व्हती. मंग आपला दाता येतो आन..."

"चूक!"

प्राची उभी राहिली होती. कधी राहिली, ते तिलाही कळलं नाही. "पप्पा, ती दुसरी रिअ‍ॅक्शन, एसएन वन! आपली एसएन टू चाललीय! ब्रोमिन आधी जात न्हाई. हा मागून येतो, तवाच तो समोरून जातो. दोन्ही एकाच वक्ताला. आन कार्बन उलटा व्हतो, वाऱ्यात छत्री उलटती तसा!"

"छत्री उलटती!" टाळकऱ्यांनी सवयीने उचललं. पखवाज पुन्हा जागा झाला.

मागून आवाज आला आणि पोरीचं कुलूप गळून पडलं. "वनमधी ब्रोमिन आधी जातो! कार्बन एकला राहतो, सपाट! मंग येणारा कुठल्याबी बाजूनं येतो!"

"कुठल्याबी बाजूनं येतो!"

महाराजांनी तिला हात जोडले. "ऐका मायबाप! नाम आत येतं, तवाच मीपणा बाहेर पडतो. आधी न्हाई, मागाहून न्हाई. आन मंग माणूस पार उलटा व्हतो. मी जल्मभर हेच सांगतोय, पर ही छत्री काय मला सुचली नव्हती!"

काल्याचा प्रसाद हातावर घेताना मंगल लेकीला म्हणाली, "उद्या सरांपुढं एवढं बोललीस तरी पुरं."

"बोलीन गं," प्राचीचा चेहरा पुन्हा उतरला. "पण तिथं मागं म्हणायला कोण हाय?"

दुसऱ्या दिवशी संपत कॉलेजच्या फाटकाबाहेर लिंबाखाली उभा होता. पिशवीत टाळ होता. का आणला, ते त्याला सांगता आलं नसतं. शिपाई त्याला आत सोडणार नव्हताच.

प्राची बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय झालं गं?"

"सरांनी टूच विचारलं. मी म्हणले, न्यूक्लिओफाइल समोरून येत न्हाई. आन थांबले. मागून कुणी उचलीना."

संपतने पिशवीतला टाळ चाचपला. "मंग?"

"वाटलं, गेलं आता. मंग डोळे मिटले आन पुन्हा तेच म्हणले. जरा चालीत."

"आन सर?"

"सर खाली मान घालून लिहीत व्हते. लिहिता लिहिताच म्हणाले, 'पाठीमागून येतो.'"

संपत बघतच राहिला. "चालीत?"

"चालीत. मंग मी थांबलेच न्हाई, छत्रीपोतर सगळं सांगितलं." ती खुदकन हसली. "सर बेसूर व्हते पण, पप्पा."

"असूं दे," पिशवी खांद्याला लावत संपत म्हणाला, आणि आतला टाळ आपसूक किणकिणला. "नव्या टाळकऱ्याचं व्हतं तसं."