घरी उघडलेला गुडघा

घड्याळजींच्या नव्याकोऱ्या गुडघ्यातून ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी 'टक्' असा आवाज आला आणि तिथेच सगळं बिनसलं. त्यांच्या दुकानात ठळक पाटी होती : 'घरी उघडलेलं घड्याळ दुरुस्तीस घेतलं जाणार नाही.' कुणी आणलंच, तर ते त्याला चारचौघांत फैलावर घ्यायचे. पण टकटक ऐकून गप्प बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. बायको आंघोळीला गेली तशी त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, चिमट्याने पट्टी अलगद उचलली, टाके निरखले आणि सवयीने फुंकर मारली. मग पट्टी होती तशी चिकटवली. हाडाचा कारागीर! कुणाला संशयसुद्धा आला नाही.

तिसऱ्या आठवड्यात गुडघा लाल होऊन पाझरू लागला.

"हे माझ्या भावाचंच काम!" बायको कडाडली. "बाहेरून आला तो तसाच पलंगावर टेकला. हातसुद्धा धुतले नाहीत मेल्याने!"

घड्याळजींनी भिंग हळूच खिशात सारलं. दवाखान्यात न्यायला त्यांना तीन जिने पाठीवर घेऊन उतरवलं ते त्याच मेहुण्याने. त्याआधी बहिणीने त्याला तीनदा साबण लावायला लावला होता.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. "जंतू साधेच आहेत. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर जन्मभर राहतात, कुणाचं काही बिघडवत नाहीत. पण आत धातूवर पोचले, की थर धरून बसतात. मग औषध लागू पडत नाही. गुडघा पुन्हा उघडून धुवावा लागेल. नाहीच जमलं, तर सांधा काढायचा."

"मग दुकानात कधी जाईन?"

"चालाल की नाही, तेच आज सांगता येत नाही."



"जंतू माझ्या भावाच्या हाताचेच ना?" बायकोने विचारलं.

"ते कसं कळणार? टाके ओले असताना पट्टी कुणी उघडली होती का?"

दाराशी उभा असलेला मेहुणा पुढे आला. साबणाने त्याचे हात पांढरे पडले होते. "माझंच चुकलं असेल, डॉक्टर. दाजींना काही बोलू नका."

घड्याळजींना त्याच्याकडे बघवेना. लाजेने त्यांचे कान तापले. त्यांनी खिशातलं भिंग काढून टेबलावर ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाइकाच्या आवाजात विचारलं,

"डॉक्टर, घरी उघडलेला गुडघा... घेता का तुम्ही दुरुस्तीला?"