पाइपाचं चिलखत

माझ्या दुकानात पाइप घ्यायला येणारा माणूस आधी सांगतो, विहीर कुठं, शेत किती लांब, मोटर किती पॉवरची. संपतदादा येतो आणि पाइपात पाय घालून बघतो. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असू दे, हा चप्पल काढणार, विजार गुडघ्यापर्यंत सारणार आणि पाइपात पाय खुपसून म्हणणार, "पोटरीला बसतोय, पर वर आवळतोय. ह्याच्यापरीस मोठा दाव."

कुंडलच्या स्टँडजवळ माझं दुकान. पीव्हीसी पाइप, एल्बो, व्हॉल्व्ह, मोटरीचं सामान. अंगाला लावून पाइप घेणारं हे आमचं एकच गिऱ्हाईक. पहिल्यांदा मला शंका आली की ह्या माणसाचं डोकं फिरलंय. आता शंका नाही, खात्री आहे. पण त्याला वेडा म्हणायचा हक्क फक्त माझा. दुसऱ्या कुणी म्हटलं तर मी सरळ सांगतो, तुमच्या मापाचा पाइप शिल्लक नाही, तासगावला जावा.

संपतदादा माझा शेजारी. पन्नाशीला टेकलेला, द्राक्षाची बाग, बेदाण्याचं शेड, पोट जरासं पुढं. आणि नाद कसला, तर अंतराळातल्या शिपायाचं चिलखत बनवायचा. परग्रहावरच्या लढाईचं एक इंग्रजी पिक्चर आहे. त्यात यानाच्या दाराशी एक शिपाई पहाऱ्याला उभा असतो. तोंडातून शब्द काढत नाही, डोक्यावरचा टोप काढत नाही, आणि हिरो त्याच्याकडं ढुंकूनही बघत नाही. संपतदादाला नेमका तोच आवडला.

मी म्हटलं, "आवं दादा, एवढा खटाटोप करायचाच तर हिरोचं चिलखत करा की."

"हिरो काय, कोन बी हुतंय गड्या. दारात हुबं ऱ्हायाला मानूस लागतंय."

आणि करायचं कसं, तर 'पडद्यावर हाय तसं'. हे त्याचं पालुपद. टीव्हीवर चित्र थांबवायचं आणि शिंप्याची टेप पडद्याला लावून खांदा मोजत बसायचं. त्याची बायको, आमच्या शालनवहिनी, एकदा माझ्या दुकानात येऊन बोलून गेल्या, "जरा मालिका लावावी म्हनलं तर ह्यांचा शिपाई हुबा. जेवाय बसलं तरी हुबा. आता म्या त्याला बी ताट वाढनार हाय."

काम मात्र बघण्यासारखं. पाइप उभा चिरायचा, गरम हवेच्या बंदुकीनं मऊ करायचा, फळ्यांखाली दाबून त्याचा पत्रा करायचा. मग तो पत्रा पुन्हा तापवून आपल्या अंगाच्या साच्यावर बसवायचा. शेडात एकीकडं जाळ्यांवर बेदाणा वाळतोय आणि मधल्या तारेला कुणाचे तरी हात, मांड्या, पोटऱ्या लटकतायत. बेदाणा निवडायला आलेल्या बायका पहिल्या दिवशी दारातूनच माघारी गेल्या होत्या.

डाव्या खांद्याला राखाडी रंग दिला तेव्हा तो असा काही झळकला की मी मनापासून वा म्हटलं. दादानं तारेचा ब्रश घेतला आणि कराकरा ओरबाडला. मला बघवेना. म्हणाला, "पडद्यावर तीन ओरखडं हायती." त्या नादात चौथा उठला, तर पठ्ठ्यानं अख्खा खांदा पुन्हा नव्यानं केला. शेडाच्या दारात उभी राहून माणसं हसायची. त्याचं आपलं एकच, "हसू द्या की. मी काय त्यांच्या अंगात घालाय लागलोय व्हय?"

घोळ झाला तो छातीला. साचा घ्यायला गणपती करणाऱ्या कुंभाराला बोलावलं. त्यानं दादाच्या अंगाला तेल चोपडलं आणि प्लास्टरात भिजवलेल्या पट्ट्या गुंडाळल्या. दादा खांबासारखा ताठ. साचा झकास निघाला, त्यावर छातीचा पत्रा घडवला, दादानं तो अंगात घातला. वर ढिला, पोटाला आवळ. श्वास कोंडून छाती फुगवली की चपखल बसायचा. बोलायला तोंड उघडलं की गेला बिघडून.

कुंभार बिचारा म्हणाला, "साचा घेताना तुमी छाती फुगीवली हुती. म्या म्हनलं, आसलच तसली."

मला हसू आलं होतं, ते तिथंच राहिलं. आमच्याकडं घराआड एक फौजी आहे. छातीजवळ टेप आली की इथल्या पोराची छाती आपोआप फुगते, कारण भरतीत छाती मोजतात, आधी साधी आणि मग फुगवून. संपतदादाची फुगवून बोटभर कमी पडायची. दर भरतीला. त्याचे वडील, आबा, रिटायर हवालदार. स्वतः त्याला पहिल्या गाडीनं घेऊन जायचे आणि मैदानाबाहेर बसून राहायचे. शेवटच्या भरतीला धाकटा दिलीपही गेला आणि पहिल्याच झटक्यात लागला. तेव्हापासून आबांनी थोरल्याशी बोलणंच टाकलं. चिलखताला ते 'सोंग' म्हणायचे, आणि त्यांनी कधी शेडात पाऊल टाकलं नाही.

दादानं तो पत्रा अंगातनं काढून भिंतीला टेकवला. मग कुंभाराला म्हणाला, "पुन्ना घ्या साचा. आता फुगवनार न्हाई. हाय तेवढी हाय. प्वाट बी घ्या."

मी म्हटलं, "पडद्यावरच्या शिपायाला पोट कुठं आहे?"

"ओरखडं त्याचं. छाती माजी."

चिलखत पुरं झालं आणि त्याच महिन्यात दिलीप सुभेदार होऊन रिटायर झाल्याचा निरोप आला. फौजेतून घरी आलेल्या माणसाची आमच्याकडं स्टँडपासून देवळापर्यंत मिरवणूक निघते. उघडी जीप, हलगी, गुलाल, दारोदारी ओवाळणी. संपतदादानं घरात जाहीर केलं की मी चिलखत घालून जीपमागं चालणार.

आबा त्याच्याशी बोलले. कितीतरी वर्षांनी बोलले, पण काय? "गावातलं समदं फौजी येनार. तितं सोंग आनलंस तर चारचौघांत माघारी धाडीन."

मी दादाला समजावलं. म्हटलं, बापानं गावासमोर हाकललं तर उरलेला जन्म त्याच गावात काढायचाय तुम्हाला. ऐकेल तर शपथ. "भाऊ येतोय माजा. फौजींकडं वर्दी हाय, त्ये वर्दी घालतील. माज्याकडं ह्ये हाय. धाडलं माघारी तर जाईन, पर येनार."

त्या दिवशी माझ्या दुकानातच मी त्याला चिलखत चढवून पट्ट्यांच्या क्लिपा लावल्या. दादा टोप घालून रस्त्यावर आला आणि हलगी थांबली. मोबाइल वर झाले, हशा पिकला. छातीवर मेडलं लावून उभे असलेले म्हातारे फौजी एकमेकांकडं बघायला लागले. जीपमधून दिलीप खाली उतरणार, तेवढ्यात गर्दीतून आबा काठी टेकत पुढं आले.

बाप समोर आल्यावर संपतदादा सावधान उभा राहिला. आणि जी खोड जायची नाही ती गेली नाही. त्यानं छाती फुगवली. चिलखत तर न फुगवलेल्या छातीचं. बगलेतली क्लिप काडकन सुटली आणि छातीचा पत्रा एका बाजूनं लोंबायला लागला. लोक पोट धरून हसले. मला वाटलं, संपलं आता. मला त्या सगळ्यांचा असा राग आला होता की विचारू नका.

आबांनी काठी माझ्या हातात दिली. पुढं झाले आणि बगलेतल्या सुटलेल्या पट्ट्याची दोन्ही टोकं धरली. पट्टा काही पोचेना.

"श्वास सोड," ते म्हणाले.

दादा तसाच फुगून उभा.

"सोड रं. आता मोजनारं कोन न्हाई."

दादानं श्वास सोडला. केवढा तरी मोठा. आबांनी पट्टा ओढून क्लिप बसवली, खांदा सरळ केला, हात फिरवून पाठ बघितली. टोपाच्या काचेवर आतून वाफ धरली होती. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, पण खांदे हलत होते. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "दादा, टोप काढा. तुम्हाला रस्ता दिसायचा नाही."

आतून घोगरा आवाज आला, "त्यो काढत न्हाई."

"नगं काढू," आबा म्हणाले आणि त्यांनी त्याचं कोपर धरलं. मग हलगीवाल्याकडं बघून ओरडले, "वाजीव की. थांबलास कशापाई?"

जीप हलली. मागं ते दोघं. आबा त्याला सांगत होते, इथं खड्डा हाय, इथं पायरी हाय, पाय उचल. मी काठी घेऊन मागनं चाललो होतो. देवळापर्यंत आबांना ती मागायची आठवण झाली नाही.