विहंगचा डावा हात

सोमवारी अस्मिता रामदासपेठेतल्या ऑफिसात पुन्हा रुजू होणार होती. चार महिन्यांच्या विहंगला पाळणाघरात ठेवायचं की आजोबांकडे, हे रविवारी दुपारी ठरणार होतं. सुनेची अट एकच होती: गिरिधररावांनी नातवाला कपड्यात नीट गुंडाळून झोपवून दाखवायचं.

जन्मभर पहिलीच्या पोरांना बाराखडी शिकवलेल्या गिरिधररावांनी आठवडाभर कोहळ्यावर सराव केला होता. पातळ मलमल, छातीपाशी तळवा सरकेल एवढी जागा, पाय हलवायला मोकळे, तोंडावर काही नाही, निजवायचं ते पाठीवर. सुनेने सांगितलेलं सगळं त्यांना पाठ होतं. कोहळा तर पहिल्याच दिवशी शांत झोपला.

रविवारी, अस्मिता समोर बसून बघत असताना, विहंगचा मात्र डावा हात बाहेर येत राहिला. घडी पुरी झाली की उत्तर येणाऱ्या पोराने करावा तसा वर. गिरिधररावांनी कापड बदललं, पंखा कमी केला, गादीच्या दुसऱ्या बाजूने बसून पाहिलं. हात वरच.

"अवो, पोराले गुंडाळून राहिले का कळमन्याच्या बाजारात माल धाडून राहिले?" विहंगच्या आजीने, प्रेमलताबाईंनी, दारातून विचारलं.

"थांब वं. हुशार आहे तो. कुठून निसटाचं, बरोबर समजते त्याले."

जरा आवळून बांधा, मग गप बसेल, असा सल्ला बाईंनी दिला. गिरिधररावांनी मान हलवली. दाबून गप्प केलेलं पोर काही शिकत नाही, हे त्यांनी शाळेत पाहिलं होतं. त्यांनी पुन्हा तशीच सैल घडी घातली आणि हलक्या आवाजात पाढा सुरू केला. बे चोक आठला विहंगचे डोळे मिटले. हात आत होता.

अभिमानाने फुललेले आजोबा दोघींना घेऊन चवड्यांवर दारापर्यंत पोचतात तोच मागे खसफस झाली. कापड एकीकडे पडलं होतं. जमिनीवरच्या गादीवर विहंग उपडा पडून, मान उचलून, वर्ग तपासायला आलेल्या साहेबासारखा तिघांकडे बघत होता.

अस्मिताने त्याचे मुके घेतले, त्याला पाठीवर निजवलं आणि कापडाची घडी करून कपाटात ठेवली.

"बाबा, गुंडाळणं आजपासून बंद. पलटाले लागलं की बांधून नाही ठेवत. हात मोकळे पाहिजे त्याले."

जेमतेम पास व्हावं आणि विषयच अभ्यासक्रमातून जावा, तसं गिरिधररावांना झालं. आता पाळणाघरच, हे त्यांनी मनात धरलं. तरी नजर नातवावरून हलेना.

"पण काय पलटला गा तू! कोणी शिकवलं नाही, काही नाही." त्यांनी बोट पुढे केलं. विहंगने ते डाव्या मुठीत गच्च पकडलं आणि बघता बघता झोपी गेला.

अस्मिता फोनवर पाळणाघराच्या बाईंना जागा नको असल्याचं सांगत होती. मग ती सासऱ्यांकडे वळली.

"इतकं छळलं त्यानं, तरी तुम्ही आवळलं नाही. पाहिलं मी."

तेवढ्यात प्रेमलताबाईंनी चहा आणून गिरिधररावांसमोर धरला.

"तूच पाज वं," ते कुजबुजले. "माझा हात रिकामा नाही."