दंडावरची चकती

साखर बघायला रोज बोट टोचून टोचून माझ्या बोटांची चाळणी झाली होती. म्हणून आमची लेक देवश्री पुण्याहून आली आणि माझ्या दंडावर बटणाएवढी चकती चिकटवून गेली. साखरेचा आकडा मोबाइलवर दिसणार आणि काही बिनसलं की मायलेकींच्या फोनवर भोंगा वाजणार. मी ठामपणे होकार दिला. (सरोजिनी, म्हणजे आमची ही, आधीच हो म्हणाली होती.)

पहिल्याच रविवारी जेवून जरा लवंडलो, तर कुणीतरी मला गदागदा हलवायला लागलं.

"अहो, उठा! साखर पन्नासवर आलीय!"

डोळे उघडले. समोर सरोजिनी, चेहरा पांढराफटक. मागं शेजारचे वीरप्पा, नुसत्या बनियनवर.

"अगं, मला काही झालेलं..."

पुढचं वाक्य तिनं तोंडात कोंबलेल्या प्रसादाच्या पेढ्याखाली गाडलं गेलं. तुळजापुरात राहून मला दोन वर्षं पेढा वर्ज्य! खोटं कशाला सांगू, तिसऱ्या पेढ्यापासून मला खरंच अशक्त वाटायला लागलं.

"वैनी, बोलनात की हे!" वीरप्पा हबकले. "थांबा, ढोकीच्या गुऱ्हाळाची काकवी हाय घरात."

काकवीची वाटी रिकामी होऊन अर्धा तास गेला नाही, तोच फोन पुन्हा बोंबलला.

"आयला, लईच खाली गेली वाटतं! आनखी पाजा!"

दुसरी वाटी. भोंगा थांबेना. सरोजिनीला रडू फुटलं. "तुम्हाला काही झालं तर मी काय करू हो?"

आता खरं सांगावंच म्हणून काकवी गिळतोय, तेवढ्यात देवश्रीचा फोन आला.

"आई, थांब! तीनशेवर गेलीय साखर! काय पाजताय बाबांना?"

"अगं, पण भोंगा?"

"तो जास्त झाल्याचा भोंगा आहे! आणि आधी बाबा त्या दंडावर झोपले असतील. चकती दबली की आकडा उगाच कमी येतो."

सरोजिनीनं हातातली वाटी खाली ठेवली.

"मंग तुमी बोलला का न्हाय?" वीरप्पांनी विचारलं.

माझ्या मिशीवरनं काकवी ओघळत होती. सरोजिनीनं ती पदरानं पुसली नाही. डॉक्टरांनी फोनवरून जे सुनावलं, तेही तिनं मुद्दाम स्पीकरवर ऐकवलं.

पुढच्या रविवारी दुपारी पुन्हा भोंगा वाजला. पावलं धावत आली. मी डोळे न उघडताच आ वासला.

सरोजिनीनं मला एका हातानं दुसऱ्या कुशीवर लोटलं आणि जाता जाता म्हणाली, "तोंड मिटा, माशी जाईल."